ताळेबंद शेवटच्या पानाकडून

कंपनीच्या ताळेबंदात कर्जाची एक ओळ असते. अमुक बँकेचं मुदत कर्ज, इतके कोटी. दरवर्षी त्या कागदावर संचालक सही करतात, लेखापरीक्षक आपला अहवाल जोडतो आणि तो कागद कंपनी निबंधकाकडे दाखल होतो. बँकेने कर्जवसुलीला उशीर केला आणि तीन वर्षांची मुदत उलटून गेली, तर ही ओळ बँकेच्या मदतीला येते का? मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे, मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली असेल, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजतात. मग ताळेबंदातली ओळ ही कबुली धरायची का?

मार्च 2020 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाच्या पाच सदस्यांच्या पीठाने बहुमताने सांगितलं, नाही. ताळेबंद बनवणं कायद्याने सक्तीचं आहे, तेव्हा त्यातली नोंद ही स्वेच्छेने दिलेली कबुली नव्हे, असा त्यांचा विचार होता. 15 एप्रिल 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘अ‍ॅसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनी (इंडिया) विरुद्ध बिशल जयस्वाल’ या निकालात हा विचार बाजूला सारला. त्यासाठी न्यायालयाने कलकत्ता उच्च न्यायालयाच्या बेंगॉल सिल्क मिल्स प्रकरणातल्या 1960 च्या दशकातल्या निकालाचा आधार घेतला. ताळेबंद बनवण्याची सक्ती आहे, पण त्यात एखादं देणं कबूल करण्याची सक्ती कोणी केलेली नाही, हा तो युक्तिवाद. न्यायालयाने पुढे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आणि माझ्या मते निकालाचा खरा अर्क तिथे आहे. नुसती ओळ बघून निर्णय करायचा नाही. त्या ओळीखालची टीप, संचालकांचा अहवाल, लेखापरीक्षकाचा शेरा असं सगळं एकत्र वाचायचं. टिपेत ‘हे देणं आम्हाला मान्य नाही’ असं लिहिलं असेल तर कबुली राहत नाही. प्रत्येक प्रकरणाचा निकाल त्याच्या कागदांवर लागेल.

म्हणजे शेकडो कोटींच्या दाव्याचं भवितव्य एका टिपेच्या शब्दरचनेवर अवलंबून असतं. आणि शब्दरचना वाचणं हे वकिलाचं काम आहे.

हे इतकं ठासून सांगायचं कारण असं की, आपल्याकडे कायद्याकडे वळलेली अनेक हुशार मुलं आकड्यांशी काडीमोड घेऊनच आलेली असतात. दिवाळखोरीच्या कामात ‘हिशोबाचं सीए बघतील’ म्हणत आर्थिक पत्रकांचं बाड न उघडता पुढे सरकवणारे वकील मी पाहिले आहेत. सनदी लेखापालाची जागा वकिलाने घ्यावी असं कोणी म्हणत नाही. हिशोब लिहिता येण्याची गरज नाही. पण लिहिलेला हिशोब पुरावा म्हणून वाचता आलाच पाहिजे, कारण दिवाळखोरीच्या कायद्यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न शेवटी एखाद्या नोंदीपाशी येऊन थांबतो. देणं कधी थकलं, कोणाचं थकलं, ते कर्ज होतं की उधारी, त्यावर वाद होता की नव्हता, पैसा कोणाकडे गेला, आता उरलं किती, या सगळ्याची उत्तरं वह्यांत असतात.

कायदा आधी थोडक्यात बघू. नादारी व दिवाळखोरी संहितेला 28 मे 2016 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि कंपन्यांविषयीची तिची कलमं 1 डिसेंबर 2016 पासून लागू झाली. तिच्याआधी 1985 चा आजारी उद्योगांचा कायदा होता. एखादी कंपनी आजारी आहे की नाही हे तो ताळेबंदावरून ठरवायचा. साचलेला तोटा कंपनीच्या निव्वळ मत्तेइतका किंवा त्याहून जास्त झाला की कंपनी आजारी. ही कसोटी फार उशिरा लागू पडायची. शिवाय त्या कायद्याखालच्या मंडळाकडे अर्ज गेला की वसुलीचे दावे थांबायचे, आणि कंपन्या त्या आडोशाला वर्षानुवर्षं बसून राहायच्या. नव्या संहितेने कसोटीच बदलली. ती निव्वळ मत्ता विचारत नाही. ती विचारते, देण्याची तारीख उलटली का आणि पैसे दिले का? थकबाकी झाली असेल आणि ती ठरलेल्या रकमेपेक्षा कमी नसेल, तर दार उघडतं. ही रक्कम आधी एक लाख होती, 24 मार्च 2020 रोजी ती एक कोटी झाली.

या बदलाची पहिली मोठी परीक्षा महाराष्ट्रातल्या कंपनीवरच झाली. पुण्याची इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज, समोर आयसीआयसीआय बँक. 17 जानेवारी 2017 रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने अर्ज दाखल करून घेतला. कंपनीचं म्हणणं होतं की, महाराष्ट्राच्या 1958 च्या साहाय्यित उपक्रम कायद्याखाली राज्य सरकारने आमची देणी तात्पुरती स्थगित केली आहेत, मग थकबाकी कुठली? 31 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, संसदेची संहिता राज्याच्या त्या कायद्यावर मात करते, आणि न्यायाधिकरणाने थकबाकी झाली आहे एवढ्याचीच खात्री करून घ्यायची असते. संहिता शिकणाऱ्याने पहिला निकाल वाचायचा तर तो हाच.

आता हिशोबाकडे. कंपनी कायद्याच्या कलम 128 ने दोन गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. वह्या द्विनोंदी पद्धतीने लिहायच्या आणि उपार्जित तत्त्वावर लिहायच्या. द्विनोंदी म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत उमटतो, एकीकडे नावे आणि दुसरीकडे जमा. रोजकीर्दीतून खतावणी होते, खतावणीतून तेरीज आणि तेरजेवरून नफा-तोटा पत्रक व ताळेबंद. वकिलाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की, एका खात्यात खोटी नोंद करायची तर ती दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात टेकवावी लागते. तुमचा अशील म्हणतो पैसे रोखीने परत दिले, तर त्याची दुसरी बाजू रोकड खात्यात दिसली पाहिजे, आणि त्या दिवशी रोकड खात्यात तेवढी शिल्लकही असली पाहिजे. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्यावी. कंपनीच्या वहीत बँकेतली शिल्लक नावे बाजूला असते आणि बँकेच्या उताऱ्यात तीच जमा बाजूला, कारण कंपनीच्या लेखी ते येणं आहे आणि बँकेच्या लेखी देणं. उलटतपासणीत इथे गल्लत झाली की समोरचा साक्षीदार लगेच ओळखतो.

उपार्जित तत्त्व याहून जास्त गोंधळ घालतं. माल पाठवला, बिल झालं की विक्री नोंदली जाते. पैसे आले की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणून कंपनी नफ्यात असताना तिच्याकडे पगाराला पैसे नसणं यात काहीही विसंगत नाही. विहीर साठ फूट खोल आहे हे ऐकून पीक जगत नाही, तळाला पाणी किती ते बघावं लागतं.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. चाकणच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. 31 मार्चच्या ताळेबंदाची बेरीज 100 कोटी. देणी आणि भांडवलाच्या बाजूला भागभांडवल 10 कोटी, राखीव निधी 15 कोटी, बँकेचं मुदत कर्ज 30, कॅश क्रेडिट 20, माल पुरवणाऱ्यांची देणी 18, आणि कर, पगार वगैरे मिळून 7. मालमत्तेच्या बाजूला जमीन, इमारत, यंत्रं मिळून 45, मालाचा साठा 20, गिऱ्हाइकांकडून येणं 25, सिस्टर कन्सर्नला दिलेलं कर्ज 8, रोकड 2. वर्षाचा नफा 2 कोटी. निव्वळ मत्ता 25 कोटी. जुन्या कायद्याच्या कसोटीवर ही कंपनी ठणठणीत.

आता रोकड प्रवाह पत्रक उघडा. व्याजाचा तपशील सध्या बाजूला ठेवू. नफा 2 कोटी, त्यात घसारा 4 कोटी परत मिळवायचा, कारण घसारा ही खर्चाची नोंद असते, त्यासाठी वर्षात कोणाला पैसे दिलेले नसतात. झाले 6. गिऱ्हाइकांकडचं येणं वर्षात 9 कोटींनी वाढलं आणि साठा 3 कोटींनी वाढला, ते वजा. पुरवठादारांची देणी 2 कोटींनी वाढली, म्हणजे तेवढे पैसे द्यायचे राहिले, ते मिळवा. उत्तर येतं वजा 4 कोटी. नफा-तोटा पत्रकात 2 कोटी मिळवणाऱ्या कंपनीने प्रत्यक्ष धंद्यात 4 कोटी गमावले आहेत. जूनमध्ये मुदत कर्जाचा 3 कोटींचा हप्ता थकला की बँक संहितेच्या कलम 7 चा अर्ज घेऊन न्यायाधिकरणात जाऊ शकते, आणि तिथे 25 कोटींच्या निव्वळ मत्तेचा उपयोग होत नाही.

ती 25 कोटींची मत्ता तरी खरी आहे का, हे टिपा सांगतात. नवशिक्या वकिलाला मी नेहमी सांगतो, वार्षिक अहवाल मागून पुढे वाच. आधी लेखापरीक्षकाचा अहवाल आणि त्याचं परिशिष्ट, मग टिपा, मग रोकड प्रवाह, मग ताळेबंद आणि अगदी शेवटी नफा-तोटा. अध्यक्षांचं भाषण आणि रंगीत छायाचित्रं सोडून दिली तरी चालतील. लेखापरीक्षकाचं परिशिष्ट कंपनी कायद्याखालच्या 2020 च्या आदेशाप्रमाणे लिहावं लागतं, आणि त्यातले प्रश्न जणू दिवाळखोरीच्या वकिलासाठीच तयार केले आहेत. कर्जाचे हप्ते थकले का? अल्प मुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या कामाला वापरला का? भविष्य निर्वाह निधी, कर अशी सरकारी देणी सहा महिन्यांहून जास्त काळ राहिली का? पाच कोटींपेक्षा मोठ्या खेळत्या भांडवलाच्या मर्यादेसाठी बँकेला दिलेली तिमाही पत्रकं वह्यांशी जुळतात का? पुढच्या वर्षभरात येणारी देणी कंपनी देऊ शकेल याबद्दल काही गंभीर शंका आहे का? आधीच्या लेखापरीक्षकाने राजीनामा दिला असेल तर त्याने काय आक्षेप घेतले होते? बँकेला एक साठा दाखवला आणि वहीत दुसराच लिहिला, हे जिथे परिशिष्टात छापलेलं आहे, तिथे वकिलाला गुप्तहेर लागत नाही.

आपल्या चाकणच्या कंपनीच्या टिपा अशा बोलतात. 25 कोटींच्या येण्यातले 11 कोटी वर्षाहून जुने, एकाच गिऱ्हाइकाकडचे. साठ्यातला 6 कोटींचा माल बंद पडलेल्या मॉडेलचा. सिस्टर कन्सर्नला दिलेल्या 8 कोटींवर दोन वर्षं व्याज आलेलं नाही. अकरा, सहा आणि आठ मिळून 25. निव्वळ मत्ता शून्यावर आली, आणि यासाठी आपण कुठलाही गुप्त कागद मिळवला नाही.

येण्यादेण्याच्या वयाचा तक्ता हा अलीकडचा बदल आहे, आणि वकिलांनी त्याचं महत्त्व अजून पुरतं ओळखलेलं नाही असं मला वाटतं. कंपनी कायद्याच्या अनुसूची 3 मधली दुरुस्ती 1 एप्रिल 2021 पासून लागू झाली. तेव्हापासून गिऱ्हाइकांकडचं येणं आणि पुरवठादारांचं देणं किती जुनं आहे हे टप्प्याटप्प्याने दाखवावं लागतं. पुरवठादारांच्या देण्यात सूक्ष्म व लघु उद्योगांचं देणं वेगळं आणि इतरांचं वेगळं. या दोन्हींतली वादग्रस्त देणी पुन्हा वेगळ्या ओळीत.

याचा उपयोग कुठे होतो ते बघा. माल किंवा सेवा पुरवणारा हा ऑपरेशनल क्रेडिटर. त्याला आधी संहितेच्या कलम 8 ची नोटीस द्यावी लागते, कंपनीला उत्तर द्यायला दहा दिवस मिळतात, आणि नोटिशीच्या आधीपासून देण्याबद्दल वाद होता असं कंपनीने दाखवलं की कलम 9 चा अर्ज फेटाळला जातो. ‘मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा’ या 21 सप्टेंबर 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, वाद जिंकण्याजोगा आहे की नाही हे इथे तपासायचं नाही, तो खरोखर अस्तित्वात आहे आणि नुसता पोकळ बनाव नाही, एवढंच बघायचं. त्यामुळे नोटीस मिळताच मालाच्या दर्जाबद्दल जुन्या तक्रारी उकरून काढण्याची चढाओढ लागते. अशा वेळी मागच्या ताळेबंदातला वयाचा तक्ता काढा. त्यात वादग्रस्त देण्यांची ओळ कोरी असेल, तर संचालकांनी स्वतः सही करून सांगितलं आहे की त्या तारखेला एकाही पुरवठादाराशी वाद नव्हता. तक्त्यात पुरवठादारांची नावं नसतात, फक्त बेरजा असतात, म्हणून ओळ कोरी नसेल तर हा मुद्दा आपोआप सिद्ध होत नाही. मग खातेउतारा, शिल्लक जुळवणीचं पत्र, परत पाठवलेल्या मालाच्या डेबिट नोटा, जीएसटीची विवरणपत्रं असं एकेक मागत जावं लागतं. गिऱ्हाइकाने तुमच्या बिलावर इनपुट टॅक्स क्रेडिट घेतलं असेल, तर माल मिळालाच नाही हे म्हणणं त्याला जड जातं.

कर्ज आणि उधारी यांतला फरकही वहीत शोधावा लागतो. कलम 5(8) प्रमाणे वित्तीय कर्जाचा गाभा म्हणजे काळाच्या मोलासाठी दिलेला पैसा. आज रक्कम द्यायची आणि वाट बघण्याचा मोबदला घ्यायचा. बहुतेक वेळा तो व्याज असतो, पण नेहमीच नाही. घर घेणाऱ्याने बिल्डरला दिलेले हप्ते 2018 च्या दुरुस्तीने या व्याख्येत स्पष्टपणे आले, आणि ‘पायोनियर अर्बन’च्या 9 ऑगस्ट 2019 च्या निकालाने ती दुरुस्ती टिकली. पुढे 2020 मध्ये अट आली की, एका प्रकल्पातल्या शंभर किंवा दहा टक्के घरघेत्यांनी मिळून अर्ज करावा. फायनान्शियल क्रेडिटर ठरला की धनकोंच्या समितीत जागा आणि मत मिळतं. ऑपरेशनल क्रेडिटरला तिथे मत नसतं. म्हणून अशीलाने दिलेली रक्कम कंपनीच्या वहीत ‘असुरक्षित कर्ज’ खात्यात लिहिली आहे की ‘गिऱ्हाइकांकडून उचल’ खात्यात, हे सर्वांत आधी बघावं.

जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणात हाच फरक जमिनीच्या बाबतीत निर्णायक ठरला. यमुना एक्स्प्रेसवे बांधणाऱ्या या कंपनीने आपली शेकडो एकर जमीन तारण ठेवली होती, पण कर्ज घेतलं होतं तिच्या पालक कंपनीने, जयप्रकाश असोसिएट्सने. 26 फेब्रुवारी 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, ज्या बँकांनी जेपी इन्फ्राटेकला स्वतः पैसा दिलाच नाही, त्या केवळ तारणामुळे तिच्या फायनान्शियल क्रेडिटर होत नाहीत. साडेसातशे एकरांहून अधिक जमिनीवरची तारणं कलम 43 खाली पक्षपाती व्यवहार म्हणून रद्दबातल ठरली. दुसऱ्याच्या कर्जासाठी दिलेलं असं तारण ताळेबंदाच्या पुढच्या पानावर कर्ज म्हणून दिसत नाही. ते हमी, संभाव्य दायित्वं आणि संबंधित पक्षांच्या टिपांत शोधावं लागतं.

कलम 43 चं गणित तारखांचं आहे. बुडत्या कंपनीने जुन्या देण्यापोटी एका धनकोला इतरांपेक्षा वरचढ स्थितीत आणून ठेवलं, तर तो व्यवहार उलटवता येतो. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होण्याआधीचं एक वर्ष तपासतात, आणि लाभ संबंधित पक्षाला झाला असेल तर दोन वर्षं. चाकणच्या कंपनीने संचालकाच्या भावाचं 3 कोटींचं कर्ज दीड वर्षापूर्वी फेडलं असेल, तर ते या जाळ्यात येतं. तेच एखाद्या परक्या सावकाराचं असेल तर निसटतं. भाऊ आहे की परका, हे संबंधित पक्षांच्या टिपेवरून कळतं. कमी किमतीत मालमत्ता विकली असेल तर कलम 45, आणि धनकोंना फसवण्याच्या हेतूने धंदा चालवला असेल तर कलम 66. या शेवटच्या कलमाला मागे जायची वर्षांची मर्यादा नाही. असे व्यवहार किती मोठे असू शकतात हे मुंबईच्या डीएचएफएलने दाखवलं. तिच्या प्रक्रियेत कलम 66 खालचे दावे 45,000 कोटींहून अधिक होते, आणि कंपनी विकत घेणाऱ्या पिरामलच्या मंजूर आराखड्यात त्यातून होऊ शकणाऱ्या वसुलीची किंमत धरली होती एक रुपया. त्यावर मोठा वाद झाला. अपील न्यायाधिकरणाने फेरविचार करायला सांगितलं आणि शेवटी 1 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आराखडा कायम ठेवला. धनकोंच्या समितीच्या व्यावसायिक निर्णयात न्यायालयाने किती हात घालावा, याची मर्यादा तिथे पुन्हा आखली गेली. मला स्वतःला तो एक रुपया अजूनही खुपतो. वसूल होईल याची शाश्वती नसलेल्या दाव्याला मोल लावणं कठीण, हे खरं. पण धनकोंच्या वकिलांनी समितीच्या बैठकीत त्या आकड्यावर मूल्यांकनाचा आधार मागायला हवा होता असं वाटतं.

कागदावरच्या येण्याचं मोल हा प्रश्न बुटीबोरीच्या वीजकेंद्राच्या निमित्तानेही आला. विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर कंपनीकडे अ‍ॅक्सिस बँकेचे सुमारे 553 कोटी थकले होते, आणि कंपनी म्हणत होती की, वीज अपील न्यायाधिकरणाच्या आदेशाप्रमाणे आम्हालाच 1,730 कोटी यायचे आहेत, त्यावरचं अपील पडून आहे. जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, थकबाकी असली तरी न्यायाधिकरणाने कंपनीची एकूण परिस्थिती विचारात घ्यायला हरकत नव्हती. पुढे न्यायालयानेच हा निकाल त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीपुरता असल्याचं सांगितलं. येण्याच्या बाजूचा मोठा आकडा दाखवून थकबाकी झाकता येईल, अशी आशा अशीलाला देऊ नये.

हे शिकायला कुठे जावं? दहा वर्षं वकिली झालेल्याला नादारी व्यावसायिकाची परीक्षा देऊन नोंदणी करता येते, आणि तिच्या तयारीत हिशोबाचा बराच भाग आपोआप होतो. पण परीक्षेपेक्षा एक जुळवाजुळव जास्त शिकवते. बंद पडलेली एखादी नोंदणीकृत कंपनी घ्या. जेट एअरवेजची विमानं 17 एप्रिल 2019 रोजी थांबली, 20 जून 2019 रोजी मुंबई पीठाने अर्ज स्वीकारला, आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा, म्हणजे कंपनी मोडीत काढण्याचा, आदेश दिला. विमानं थांबण्याआधीच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल आणि नंतरचे आदेश शेजारी ठेवून वाचा. आदेशातला प्रत्येक मुद्दा अहवालात कुठे आणि किती आधी दिसत होता, ते पेन्सिलीने खूण करत जा.

आता पैसे कसे वाटले जातात ते बघू, कारण अशीलाचा खरा प्रश्न तोच असतो. प्रक्रियेत दोन नोंदणीकृत मूल्यांकक कंपनीचं वाजवी मूल्य आणि अवसायन मूल्य काढतात. ताळेबंदातला 45 कोटींचा आकडा म्हणजे खरेदीची किंमत वजा घसारा, बाजाराशी त्याचा संबंध असेलच असं नाही. चाकणच्या कंपनीची यंत्रं आणि जमीन घाईच्या विक्रीत 28 कोटींना जातात असं धरू. साठ्याचे 8, वसूल झालेलं येणं 12, रोकड 2, सिस्टर कन्सर्नकडून काहीच नाही. हाती आले 50. भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटीच्या निधीतला पैसा कलम 36 प्रमाणे या वाटपात धरतच नाहीत. कलम 53 प्रमाणे पहिला मान प्रक्रियेच्या खर्चाचा, तो 2 कोटी समजू. उरलेल्या 48 वर कामगारांचं आधीच्या चोवीस महिन्यांचं देणं आणि तारण सोडून दिलेल्या बँकेचं कर्ज यांचा समान हक्क. कामगारांचे 3 आणि बँकेचे 50 मिळून 53. दोघांनाही रुपयामागे साधारण नव्वद पैसे मिळतात, आणि तिजोरी तिथेच रिकामी होते. इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकार, माल पुरवणारे, शेवटी भागधारक, सगळे रांगेत मागे उभे. पुरवठादारांच्या 18 कोटींतून काहीही मिळत नाही.

कंपनी विकत घेणारा सापडला आणि आराखडा मंजूर झाला, तरी ऑपरेशनल क्रेडिटरला कायद्याने दिलेली किमान हमी याच गणितावर बेतलेली आहे. अवसायनात मिळालं असतं तेवढं, किंवा आराखड्यातली रक्कम कलम 53 च्या क्रमाने वाटली असती तर मिळालं असतं तेवढं, यांत जे जास्त ते. एस्सार स्टीलच्या प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने जुलै 2019 मध्ये सगळ्या धनकोंना सारखाच हिस्सा देऊ केला होता. 15 नोव्हेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तारण असलेला आणि नसलेला, कर्ज देणारा आणि माल देणारा, हे कायद्याच्या लेखी सारखे नाहीत.

संचालकाने वैयक्तिक हमी दिली असेल तर बँकेला आणखी एक वाट असते. 1 डिसेंबर 2019 पासून कंपनीच्या कर्जाच्या जामीनदारांवर संहितेखाली स्वतंत्र कारवाई होऊ शकते, आणि कंपनीचा आराखडा मंजूर झाला म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, हे 21 मे 2021 च्या निकालात ठरलं आहे. बाकी सामान्य माणसाची दिवाळखोरी मात्र जुन्याच कायद्यांवर चालत आली आहे. मुंबई शहरासाठी 1909 चा, उरलेल्या महाराष्ट्रासाठी 1920 चा.

पुरवठादाराकडे हमी नसते आणि तारणही नसतं. तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर 2006 च्या कायद्याने त्याला जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आहे. ते न मिळाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचाही हक्क आहे, आणि दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. पण संहितेच्या कलम 14 ची स्थगिती लागली की कंपनीविरुद्धचं ते कामही थांबतं, आणि हातात उरतो फक्त फॉर्म बी भरून केलेला दावा. म्हणून भोसरीचा एखादा वर्कशॉपवाला थकलेली बिलं घेऊन कचेरीत आला, की नोटिशीचा मसुदा करण्याआधी त्याच्या गिऱ्हाइक कंपनीचा शेवटचा ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवरून फी भरून उतरवून घ्यावा, लेखापरीक्षकाचं परिशिष्ट उघडावं आणि बँकेचे हप्ते थकले आहेत का ते बघावं. थकले नसतील तर कौन्सिलकडे जायला त्याच्या हातात वेळ आहे. थकले असतील, तर पुढचा माल आगाऊ पैसे घेतल्याशिवाय गाडीत चढवू नका, हे त्याला त्याच दिवशी सांगायचं.